खाडीवरून की चिपळूणवरून?

आमच्या घरात गाडी काढायची म्हटली की पहिला प्रश्न एकच निघतो. खाडीवरून की चिपळूणवरून? सोबत कोण येणार, डबा काय घ्यायचा, हे सगळं त्याच्या नंतर. मुलगा मोबाईल काढतो आणि किलोमीटर सांगतो. मी अंगणात येऊन माडाच्या झापांकडे बघतो, वारा किती आहे ते. आमची सूनबाई दोघांकडे बघते आणि आत जाऊन चहा टाकते. तिला ठाऊक असतं, एवढ्यात काही निघायचं नाही.

आमचं घर गुहागर तालुक्यात, पालशेतच्या वरच्या अंगाला, सड्यावर. तालुक्याच्या उत्तरेला वाशिष्ठीची खाडी, दक्षिणेला शास्त्रीची. पश्चिमेला समुद्र. तीन बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला चिपळूण. म्हणून आमच्या पिढीतला माणूस जगात कुठंही जायचं झालं तरी आधी चिपळूणला जायचा. लग्नाचा बस्ता चिपळूणला, डॉक्टर चिपळूणला, मुंबईची गाडी चिपळूणला. पंचेचाळीस किलोमीटरची ती वाट आमच्या हाडांना पाठ आहे.

शाळेत भूगोलाच्या मास्तरांनी आम्हाला जिल्ह्याचा नकाशा काढायला लावला होता. नद्या काढता काढता माझ्या लक्षात आलं की ही तर फणी आहे. सह्याद्री म्हणजे फणीची पाठ आणि नद्या म्हणजे दात. वरून सुरुवात केली तर सावित्री, मग जगबुडीला पोटात घेऊन येणारी वाशिष्ठी, मग शास्त्री, बाव, काजळी, मुचकुंदी, अर्जुना. सगळ्या पूर्वेकडून पश्चिमेकडे. मास्तरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, "फणी असू दे, नावं नीट लिही." पण ती फणी माझ्या डोक्यातून गेली नाही, आणि पुढं शेती करताना, माल पाठवताना, लग्नामयताला धावताना ती मला सारखी आठवत राहिली. कारण आमचे सगळे घोळ त्या फणीतच आहेत.

जुन्या लोकांची वाट या दातांच्या मधून, नदीच्याच अंगानं जायची. समुद्रातून माल दाभोळला यायचा, तिथून होड्यांतून, मचव्यांतून वाशिष्ठीनं वर गोवळकोटपर्यंत. गोवळकोट म्हणजे चिपळूणचं बंदर. तिथून बैलांच्या पाठीवर कुंभार्ली घाट चढून कराडला. दाभोळ त्या काळी एवढं मोठं बंदर होतं की अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी पंधराव्या शतकात फिरत फिरत तिथं आला आणि त्यानं ते लिहून ठेवलं. परदेशातून घोडे उतरायचे तिथं. १५०८ च्या अखेरीस पोर्तुगीजांच्या आल्मेइदानं ते जाळलं. काही नव्हतं तर जाळायला कोण येईल? आज दाभोळला जाऊन बघितलं तर मासळी, मशीद आणि जेटी एवढंच नजरेत भरतं. पुढं एन्रॉनमुळे दाभोळचं नाव पुन्हा जगभर झालं, पण तो प्रकल्प दाभोळात नाहीच. तो आमच्या बाजूला, अंजनवेलला. नाव पलीकडच्याचं आणि जमीन अलीकडच्याची, हा आमचा जुना राग आहे. असो.

सांगायचं ते असं की त्या काळात पाणी हा रस्ता होता. खाडीच्या दोन काठांची गावं एकमेकांची शेजारी होती. मुली द्यायच्या-घ्यायच्या त्या पलीकडे. मग मोटारीचा काळ आला आणि उत्तर-दक्षिण रस्ता हवा झाला. मुंबईहून गोव्याकडे जायचं म्हणजे फणीचे सगळे दात आडवे कापायचे. ते कुठं कापायचे? जिथं नदी अरुंद, तिथं. समुद्राजवळ खाडी रुंद, पूल महाग. म्हणून महामार्ग समुद्र सोडून आत गेला आणि महाड, खेड, चिपळूण, संगमेश्वर करत खाली उतरला. जुना १७ नंबर, आताचा ६६ नंबर. ज्यांनी आखला त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी मी असतो तरी तेच केलं असतं. पण आम्हा किनाऱ्यावरच्यांना त्याचा अर्थ असा झाला की समोर दिसणाऱ्या गावाला जायला आधी चाळीस-पन्नास किलोमीटर आत जायचं, पूल ओलांडायचा आणि तेवढंच पुन्हा बाहेर यायचं. रस्ता आला आणि खाडीची भिंत झाली.

माझ्या लहानपणी ही भिंत अजून पुरती उभी राहिली नव्हती. मुंबईहून आगबोट यायची. दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी ती बंदरं घेत जायची. माझे चुलते गिरणीत होते. ते शिमग्याला बोटीनं यायचे. वडिलांबरोबर मी त्यांना आणायला खाडीवर गेलेला मला आठवतोय. सहा-सात वर्षांचा असेन. पत्र्याची ट्रंक डोक्यावर घेऊन काका होडीतून उतरले आणि दोन मिनिटं तसेच डोळे मिटून उभे राहिले. मला वाटलं देवाला हात जोडतायत. वडील म्हणाले, "बोट लागलीय त्याला." आमच्याकडे आजही कुणाला एस.टी.त मळमळलं तर जुनी माणसं बोट लागली असंच म्हणतात.

तेव्हाही घरात हाच वाद. काका म्हणायचे बोटीनं अंग हलतं पण धूळ नाही. आजी म्हणायची एस.टी.नंच ये. तिच्या मनात रामदास बोट बसली होती. १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली रामदास बोट भर पावसाळ्यात उलटली आणि सहाशेहून जास्त माणसं गेली. आमच्या गावचं त्यात कुणी नव्हतं. पण कोकणात त्या बोटीचं नाव काढलं की बोलणं थांबायचं. आजीला स्वातंत्र्याचं साल विचारलं तर ती म्हणायची, "रामदास बुडाली त्याच साली." पुढं बोटींचा तोटा वाढत गेला, एस.टी. गावागावात पोचली आणि एक दिवस बोट बंद झाली. काकांना त्यानंतर पर्याय राहिला नाही. आजी जिंकली म्हणायची.

बोट गेली तरी तर राहिली. तर म्हणजे खाडी ओलांडणारी होडी. धोपाव्याहून दाभोळला माणसं, कोंबड्या, भाताची पोती, कधी एखादी सायकल. सायकलीच्या वर काही चढायचं नाही. आणि पावसाळ्यात वारा सुटला की तीही बंद.

माझी धाकटी बहीण पलीकडे दिलेली, दाभोळ आणि दापोलीच्या मधल्या एका गावात. आमच्या सड्याच्या टोकावरून स्वच्छ दिवशी तिच्या बाजूचे डोंगर दिसतात. १९८४ च्या आषाढात आमचे वडील गेले. पहाटे गेले. गावात फोन नव्हता. दोन पोरं धोपाव्याला पळवली, तर बंद. तीन दिवस वारा थांबला नव्हता, खाडीच्या तोंडाशी लाटा फुटत होत्या. पोरं तशीच भिजून परत आली. मग गुहागरला माणूस पाठवून तार केली. ती तार बायला दुसऱ्या दिवशी सकाळी मिळाली. बाय म्हणजे माझी बहीण, आम्ही सगळे तिला बायच म्हणतो. ती आधी दाभोळला धावली. होडीवाला ओळखीचा, पण तो म्हणाला, "माझी बायकापोरं हायत. मी नाय होडी काढत." त्याचं बरोबर होतं. तिथं ती किती वेळ उभी राहिली ठाऊक नाही. मग दापोली, खेड, चिपळूण, गुहागर अशा गाड्या बदलत ती रात्री घरी पोचली. आम्ही आदल्या दिवशीच सगळं उरकलं होतं. भर पावसात किती वेळ ठेवणार?

ती रडली नाही. ओटीवर बसून पदर पिळत होती. मला एवढंच म्हणाली, "दादा, समोर आपला डोंगर दिसत व्हता रे."

हे वाक्य मी पुष्कळ वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

२००३ च्या ऑक्टोबरात दाभोळ-धोपावे फेरीबोट सुरू झाली. माजी आमदार डॉ. चंद्रकांत मोकल यांनी ती आणली, सुवर्णदुर्ग शिपिंग अँड मरीन या नावानं. मोटारी चढवायची बोट गोव्यात मांडवीवर बघितलेली होती, पण आपल्या खाडीत ती चालेल असं कुणाला वाटत नव्हतं. आमच्या वाडीत तर पैज लागली होती की पहिल्या पावसात बंद पडणार. पैज लावणारा आज त्याच बोटीनं दापोलीला जातो आणि विषय काढला की दुसरीकडे बघतो.

लोक तिला जंगलजेटी म्हणतात. मुंबईचे पाहुणे विचारतात, जंगल कुठं आहे? केरळात अशा बोटीला जंकार म्हणतात, पोर्तुगीज लोक तराफ्याला जंगादा म्हणतात, आणि आपल्याकडे दोन होड्या बांधून केलेल्या तराफ्याला सांगड म्हणतात. माझं मत असं की ही सगळी एका घरातली भावंडं आहेत आणि आमच्या तोंडात येता येता त्यातल्या एकाचं जंगल झालं. मी काही भाषेचा पंडित नाही. पण आमच्याकडे हिंदळणाऱ्या पाण्याला जंगल म्हणण्याइतके लोक वेडे नाहीत.

पहिल्यांदा मी गेलो तो बजाजच्या एम-८० वरून. गाडी चढवली, स्टँडवर लावली आणि कठड्याला धरून उभा राहिलो. बारा-पंधरा मिनिटांत पलीकडे. एवढं? मला उगाचच राग आला. कशाचा ते सांगता येणार नाही. बायच्या दारात गाडी लावली तेव्हा ती भात वारवत होती. म्हणाली, "कुठून आलास?" मी म्हटलं, "समोरून."

त्यानंतरचा हिशेब मुलगा कागदावर मांडून दाखवतो. गुहागरहून दापोली चिपळूण-खेडवरून शंभराच्या वर किलोमीटर, खाडीवरून त्याच्या निम्मे. डिझेल वाचतं त्यातून तिकीट सुटतं. हे खरंच आहे. पण मी त्यात एक गोष्ट घालतो. दापोलीला आमचं कृषी विद्यापीठ, १९७२ सालचं. तिथून पूर्वी कलमं आणायची म्हणजे एस.टी.च्या टपावर, खेडला उतरव, चिपळूणला उतरव, घरी येईपर्यंत निम्म्या पिशव्या फुटलेल्या आणि माती सांडलेली. जंगलजेटी झाल्यावर टेम्पोतून सावलीत आणली ती एकूण एक जगली. घराच्या मागच्या कातळावर आज जी बाग उभी आहे ती खाडीवरून आलेली आहे. हे किलोमीटरात बसत नाही.

तरी मी आंधळा खाडीवाला नाही. वाशीच्या मार्केटला आंब्याची पिकअप जाते ती चिपळूणवरूनच. दिवसभर तोड, संध्याकाळी पेट्या भरायच्या, गाडी रात्रीच निघाली पाहिजे, आणि रात्री बोट नसते. शिवाय दापोली-मंडणगडवरून मुंबईकडे जायचं तर म्हाप्रळ-आंबेतचा पूल. तो नादुरुस्त म्हणून वाहतुकीला बंद झाला तेव्हा तिथं पुलाच्या शेजारी जंगलजेटीच लावावी लागली होती. पूल झाला म्हणून होडी गेली, आणि पूल थकला तेव्हा पुन्हा बोट आली. मला त्याचं हसू आलं होतं, पण पलीकडच्या बागायतदारांना आलं नसेल.

आणि महामार्गाचं तरी काय? चौपदरीकरण सुरू झालं तेव्हा माझा नातू जन्मला नव्हता, तो आता मिशी फुटायच्या वयात आहे. कशेडीचा बोगदा झाला ते चांगलं झालं, तो घाट आंब्याच्या गाडीला छळायचा. पण परशुराम घाटात पावसाळ्यात दरड येते, चिपळुणात बहादूरशेख नाक्याजवळचा नवा उड्डाणपूल २०२३ च्या ऑक्टोबरात बांधता बांधताच कोसळला. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं तेव्हा तर आमची चौथी बाजूही पाण्याची झाली. तालुक्याचं बेट झालं होतं. आणि २ ऑगस्ट २०१६ ची रात्र कोकणात कोण विसरेल? महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशांच्या काळचा पूल वाहून गेला, त्यात दोन एस.टी. गेल्या. एक राजापूर-बोरिवली, दुसरी जयगड-मुंबई. जयगड म्हणजे शास्त्रीच्या खाडीपलीकडे, तवसाळवरून समोर दिसतं. माझ्या ओळखीचा एक जण त्या आठवड्यात त्याच गाडीनं जाणार होता. आजी असती तर तिला काय सांगितलं असतं? तिचा विश्वास रस्त्यावर होता.

म्हणून मी पोराला सांगतो, पाणी वाईट आणि रस्ता चांगला, किंवा उलटं, असं काही धरून बसू नकोस. त्या दिवशीचं बघ. रत्नागिरीला कचेरीत जायचं तर तवसाळ-जयगड चांगलं, समुद्राकडेनं नेवऱ्यावरून सरळ. पण शनिवार-रविवार असेल तर गणपतीपुळ्याच्या पर्यटकांची रांग बघून आबलोली-भातगाव पुलाची वाट धर. अमावास्या-पौर्णिमेला उधाणाची सुकती असते, तेव्हा रॅम्प उभा होतो, खाली बसलेल्या गाड्यांचं पोट घासतं. भरलेली पिकअप असेल तर खलाशी सांगेल तिथंच लाव, तू शहाणपणा करू नको, वजन कुठं घ्यायचं ते त्याला कळतं. गाडी गिअरमध्ये टाक, हँडब्रेक ओढ आणि आतल्या माणसांना खाली उतरव. काचा लावून एसीत बसून खाडी ओलांडणारे लोक बघितले की मला कसंतरीच होतं.

हे सगळं शहाणपण सांगणारा मी, एकदा स्वतः फसलो तेही सांगितलं पाहिजे. सात-आठ वर्षं झाली. मे महिना संपत आला होता. बायला छातीत दुखायला लागलं म्हणून दापोलीत दवाखान्यात नेल्याचा भाच्याचा फोन आला. रात्रीची जेवणं नुकतीच झाली होती. मुलगा म्हणाला, "बाबा, चिपळूणवरून जाऊ. बोट मिळेल न मिळेल." मी म्हटलं, "समोरून जायचं." त्यानं दोनदा सांगितलं. मी ऐकलं नाही. धोपाव्याला पोचलो तर शेवटची बोट गेलेली. जेटीवर एक कुत्रा आणि आम्ही. पलीकडे दाभोळचे दिवे दिसत होते, इतके जवळ की कुणी तरी दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला असं मला वाटलं.

मी गाडीतून उतरून रॅम्पच्या टोकापर्यंत गेलो. चौऱ्याऐंशी साली बाय त्या बाजूला उभी होती, आज मी या बाजूला. तेव्हा निदान वाऱ्याला दोष देता येत होता. आता वारा नव्हता, पाणी तेलासारखं होतं. माझाच हट्ट होता.

मुलगा एक शब्द बोलला नाही. गाडी वळवली. गुहागर, चिपळूण, खेड, दापोली. दवाखान्यात पोचलो तेव्हा पहाटेचे तीन वाजून गेले होते. बाय जागी होती. पित्ताचंच होतं म्हणे, डॉक्टरांनी सकाळी सोडलंही. मला बघून म्हणाली, "एवढ्या रातीचा कशाला आलास? सकाळच्या बोटीनं यायचं व्हतं."

आता म्हणतात दोन्ही खाड्यांवर पूल होणार. रेवस ते रेडी सागरी महामार्ग, अंतुलेसाहेबांच्या वेळेपासून ऐकतोय. एमएसआरडीसीच्या यादीत दाभोळही आहे, जयगडही आहे. बाणकोटच्या खाडीत अर्धवट राहिलेले खांब मी बघितलेत, त्यामुळे यादीवर माझा फार जीव नाही. गावात काही लोक म्हणतात पूल नको, गर्दी येईल, जमिनी जातील, जंगलजेटीची मजा जाईल. जमिनीचं म्हणणं खरं आहे, त्यावर भांडलंच पाहिजे. पण मजेचं मला सांगू नका. खाडी ओलांडणं ही मजा ज्याला वाटते, त्याला रात्री पलीकडे जायची वेळ आलेली नाही. पूल झाला पाहिजे. आणि होईपर्यंत, आणि झाल्यावर तो थकेल तेव्हाही, बोट असली पाहिजे.

बाय दर गणपतीला येते. हल्ली गुडघे दुखतात म्हणून भाचा तिला गाडीतून आणतो. बोटीवर गाडी लागली की ती दार उघडून खाली उतरते आणि पुढं, रॅम्पच्या साखळीजवळ जाऊन उभी राहते. बाजूला बाकडी असतात, लोक जागा देतात, ती बसत नाही. गेल्या वर्षी मी तिला आणायला मुद्दाम पलीकडे गेलो होतो. म्हटलं, "बाय, बस की. दहा मिनिटं लागणार अजून."

"नको," ती म्हणाली. "उतरायला येळ जातो."